खडखडाटाची मैफल

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा बाहेर फटाके वाजत असतील. गच्चीवरच्या मुलांनी सुतळी बॉम्ब लावला असेल, तळमजल्यावरच्या नानांनी खिडकीतून डोके काढून त्यांना चार शब्द सुनावले असतील, आणि ते चारही शब्द दुसऱ्या बॉम्बने गिळले असतील. आवाज आपल्या पाचवीलाच पुजलेला आहे. गणपतीत ढोलताशे, लग्नात बँड, नवरात्रात ध्वनिक्षेपक, आणि ह्यातून वाचलेल्या दिवशी शेजारच्या इमारतीचा पुनर्विकास! ह्या सदरातून मी वर्षभर आवाजाविरुद्ध कुरकुरत असतो, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहेच. तोच मी २०२५ सालच्या जून महिन्यात जर्मनीतल्या लाइपझिग शहरी, अंगात काळा सदरा घालून, लोखंडी पत्र्यावर पडणारे हातोडे ऐकत मध्यरात्रीपर्यंत उभा होतो, असे सांगितले तर 'गृहस्थाचे वय झाले' असे आपण म्हणाल. खुशाल म्हणा. पण हकीकत ऐकून मग म्हणा.

ज्या संगीताला मी गेलो होतो त्याला 'इंडस्ट्रियल गॉथ' म्हणतात. इंडस्ट्रियल म्हणजे कारखान्याचे, हे समजायला सोपे. गॉथ ह्या शब्दाचा प्रवास मात्र मोठा गमतीचा आहे. रोमन साम्राज्यावर चालून गेलेल्या टोळ्यांचे हे नाव. पुढे टोकदार कमानींच्या उंच देवळांना ते चिकटले. मग तशाच पडक्या वास्तूंत घडणाऱ्या भुताखेतांच्या कादंबऱ्यांना. आणि शेवटी, १९८० च्या आगेमागे, इंग्लंडातल्या काळे कपडे घालणाऱ्या, चेहरे पांढरेफटक रंगवणाऱ्या आणि मृत्यूवर गाणी म्हणणाऱ्या तरुण पोरांना. नॉर्थॅम्प्टन गावच्या 'बाउहाउस' नावाच्या चौघांनी १९७९ साली एक नऊ मिनिटांहून लांब गाणे काढले. ते होते ड्रॅक्युलाची भूमिका करून गाजलेल्या बेला लुगोसी ह्या नटाच्या मृत्यूवर. तेथून ह्या पंथाची सुरुवात झाली असे पुष्कळ लोक मानतात.

ही सारी माहिती मला माझ्या पुतणीने, सायलीने पुरवली. सायली माझ्या थोरल्या भावाची एकुलती एक मुलगी. वय बत्तीस. लाइपझिगमध्ये मोटारींच्या एका कारखान्यात ती इंजिनिअर आहे. तिचे काम ऐकाल तर हसाल. नव्या मोटारीत बसून कुठे काय कुरकुरते, कुठे काय गुणगुणते, ते यंत्र लावून शोधायचे आणि तो आवाज बंद करायचा. म्हणजे सोमवार ते शुक्रवार खडखडाट बंद करण्याचा पगार घ्यायचा आणि शनिवारी त्याच पगारातून तिकीट काढून खडखडाट ऐकायला जायचे! मी तिला तसे म्हटलेही. त्यावर ती म्हणाली, "काका, हलवायाच्या घरात चिवडाच जास्त खपतो."

लाइपझिग हे तसे शांत, पुस्तकांचे आणि संगीताचे गाव. योहान सेबास्टियन बाख तेथल्या टॉमास चर्चमध्ये १७२३ पासून मरेपर्यंत, म्हणजे १७५० पर्यंत, संगीत शिकवीत आणि वाजवीत होता. आपला ऋग्वेद छापून काढणारा मॅक्समुल्लर तेथल्याच विद्यापीठात शिकला. अशा गावात १९९२ पासून ईस्टरनंतरच्या सातव्या रविवारच्या सुट्टीत चार दिवस ह्या काळ्या मंडळींची जत्रा भरते. तिचे नाव 'वेव्ह-गोटिक-ट्रेफेन'. पहिल्या वर्षी दोनेक हजार माणसे आली होती. आता वीस हजारांच्या घरात येतात, आणि गावभर पसरलेल्या डझनावारी जागांतून, शेडमधून, नाटकगृहांतून, चर्चमधूनही गाणेबजावणे होते. पूर्व जर्मनीत कम्युनिस्ट राजवट असताना ह्या पोरांना लोक 'ग्रुफ्टी' म्हणजे 'थडग्यातले' म्हणत, आणि गुप्त पोलिसांच्या फायलींत त्यांची नोंद असे. काळा कोट घालून कबरस्तानात बसण्यात सरकारला कसला धोका दिसला कोण जाणे! २००० साली तर ऐन जत्रेत आयोजकांचे दिवाळे वाजले. पैसे नाहीत म्हणून सारा पसारा कोसळला, तेव्हा कित्येक वादक फुकट वाजवायला उभे राहिले आणि आलेल्या लोकांनीच पुढचे निभावून नेले. ही गोष्ट ऐकल्यावर ह्या जत्रेविषयी माझे मत फारच चांगले झाले.

शुक्रवारी दुपारी सायलीने मला बागेत नेले. महिला दिनाचा पुरस्कार करणाऱ्या क्लारा झेटकिनबाईंच्या नावाची ती बाग. तेथे हिरवळीवर दीडशे वर्षांपूर्वीच्या थाटाचे कपडे करून शेकडो स्त्रीपुरुष सहभोजनाला जमतात. काळ्या झालरींचे घेरदार झगे, काळ्या छत्र्या, उंच टोप्या, काळ्या जाळीने सजवलेली बाबागाडी आणि तिच्यात गुबगुबीत, लालबुंद, अजिबात उदास नसलेले मूल! सारेजण चांदीच्या तबकातून केक खात होते. मला संक्रांत आठवली. आपल्याकडच्या बायका चंद्रकळा नेसून हळदीकुंकवाला निघाल्या की त्यांना कोणी थडग्यातल्या म्हणत नाही. आणि कवट्यांचे म्हणाल तर गळ्यात रुंडमाळ घालून स्मशानात राहणाऱ्या देवाला आपण दर सोमवारी बेल वाहतो. तेव्हा मी जराही न घाबरता एका काळ्या बाईकडून केक घेतला. बदामाचा होता. उत्तम होता.

येथे एक घरगुती गोष्ट सांगणे भाग आहे. आमचे दादा, सायलीचे वडील, २०२२ साली गेले. सायली तिसऱ्या दिवशी पोचली, तेराव्यानंतर परत गेली. पुढे वहिनींनी फोनवर तिचा काळ्या कपड्यांतला, ओठांना काळा रंग लावलेला फोटो पाहिला आणि त्यांच्या मनाने घेतले की पोर बापाच्या दुःखातून बाहेरच आलेली नाही. मी निघालो तेव्हा मेतकूट, भाजणी आणि गोड्या मसाल्याच्या पुड्यांबरोबर त्यांनी हेही काम माझ्या गळ्यात घातले. म्हणाल्या, "भाऊजी, ती तिथं काय ऐकते, कुणात बसते, ते तुमच्या डोळ्यांनी बघून या. मला नुसतं 'मजेत आहे' म्हणते. तिचे बाबाही असंच म्हणायचे."

शनिवारी सकाळी आम्ही प्लागविट्झ भागातली कापसाची जुनी सूतगिरणी पाहायला गेलो. १८८४ साली ही गिरणी सुरू झाली, आणि पंचवीस वर्षांच्या आत दोन लाख चाळीस हजार चात्यांवर पोचली. युरोप खंडात हिच्याएवढी सूतगिरणी नव्हती. लाल विटांच्या इमारती, मधून गेलेले रेल्वेचे रूळ, धुराडे, कामगारांची घरे. लालबागच्या माणसाला हे सारे इतके ओळखीचे वाटते की आता भोंगा वाजेल असे वाटून मी घड्याळ पाहिले. कम्युनिस्ट राजवट गेल्यावर दोन-तीन वर्षांत कताई थांबली. आता तेथे चित्रकारांच्या खोल्या आणि चित्रांची दालने आहेत. आमच्याकडे गिरण्यांच्या जागी मॉल आणि पन्नास मजल्यांचे मनोरे आले. तेथे चित्रे आली. भिंती राहिल्या ह्याचा मला हेवा वाटला. कामगार मात्र तेथलेही घरीच गेले.

ट्रामने परत येताना सायलीने मला ह्या संगीताचे पहिले प्रकरण शिकवले. १९७६ साली लंडनमध्ये एका मंडळीने 'इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स' नावाची आपली स्वतःची तबकड्यांची कंपनी काढली, तेथून हे नाव पडले. त्या मंडळीच्या स्वतःच्या नावाचा अर्थ दिवाळी अंकात छापण्याजोगा नाही. त्याच सुमारास पोलादाच्या शेफिल्ड गावी 'कॅबरे व्होल्तेर' नावाचे तिघे ध्वनिफितींची कापाकापी करून संगीत बनवीत होते. आणि १९८० साली पश्चिम बर्लिनमध्ये 'आइनश्ट्युर्झेंडे नॉयबाउटन' उभे राहिले. ह्या नावाचा अर्थ 'कोसळत्या नव्या इमारती'. मुंबईकराला हे नाव मुळीच विनोदी वाटणार नाही. वाद्ये घ्यायला पैसे नाहीत म्हणून त्यांनी लोखंडी पत्रे, स्प्रिंगा आणि भोके पाडायची यंत्रे वाजवली. एका मोटाररस्त्याच्या पुलाच्या पोकळीत शिरून त्यांनी ध्वनिमुद्रण केले. १९८४ च्या जानेवारीत लंडनच्या एका कलासंस्थेत रंगमंचाचीच फळी यंत्रांनी खोदायला सुरुवात झाली, तेव्हा व्यवस्थापकांनी कार्यक्रम बंद पाडला.

पण मला आवडली ती 'टेस्ट डिपार्टमेंट'ची कथा. लंडनच्या एका गरीब भागातली ही पोरे भंगारातले लोखंड वाजवीत. मार्च १९८४ ते मार्च १९८५ ह्या काळात इंग्लंडातल्या कोळसा खाणकामगारांचा वर्षभर संप चालला. ह्या पोरांनी दक्षिण वेल्समधल्या संपकरी खाणकामगारांच्या गायकवृंदाला बरोबर घेतले, गावोगाव कार्यक्रम केले आणि एक तबकडी काढून तिचे पैसे संपाला दिले. एका बाजूला लोखंडावर घण, दुसऱ्या बाजूला खाणीतल्या बाप्यांचे देवळातल्यासारखे धीरगंभीर गाणे! ही कथा ऐकताना ट्रामच्या खिडकीबाहेर काय गेले ते मला कळले नाही. कारण त्याच्या दोनच वर्षे आधी, १८ जानेवारी १९८२ ला, आमच्या घरातही संप शिरला होता.

आमचे आबा साचेखात्यात विणकर. १९४८ साली, वयाच्या अठराव्या वर्षी ते गिरणीत लागले, आणि संप सुरू झाला त्या दिवशी बाहेर आले. चौतीस वर्षे. गिरणीचे नाव मी सांगत नाही. तिचा हिशेब आबांच्या हयातीत पुरा झाला नाही एवढेच सांगतो. अडीच लाख कामगारांचा तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही, तेव्हा एका अर्थी आबा २००४ साली वारले तेव्हाही संपावरच होते.

संध्याकाळी आम्ही कॉनेविट्झ भागात गेलो. जागा म्हणजे पुन्हा एक जुना कारखाना. पूर्वी तेथे गॅसचे मीटर आणि पुढे धातूंची ताकद तपासायची यंत्रे बनत. उंच छप्पर, लोखंडी तुळया, खुर्च्या नाहीत. दारात मनगटावर पट्टी बांधली आणि एका काचेच्या बरणीतून मऊ बुचे काढून दिली. कानात घालायची. म्हणजे आधी तिकीट काढायचे, आत जायचे आणि मग ऐकू येऊ नये म्हणून बुचे घालायची! सायली म्हणाली, "हसू नका, घाला. इथे नियम आहे. आवाज अमुक पट्टीच्या वर जाणार असेल तर कानाची सोय ठेवावीच लागते, आणि अर्ध्या तासाची सरासरी नव्व्याण्णव डेसिबलच्या वर जाऊ द्यायची नाही."

आत माझ्या वयाची पुष्कळ माणसे होती हे पाहून बरे वाटले. पांढऱ्या दाढ्या, गुडघ्याला पट्टे, एक आजीबाई तर काठी घेऊन आल्या होत्या, आणि काठीची मूठ कवटीची होती. कोणी कोणाला धक्का देत नव्हते. नाच म्हणाल तर जोडीजोडीने नव्हे, ज्याचा त्याने एकट्याने करायचा. चार पावले पुढे, चार मागे, नजर जमिनीवर, हात असे की सांडलेले मणी वेचताहेत. मला भिंतीशी एक लोखंडी पायरी मिळाली. तेथे मी लिंबाचे सरबत घेऊन बसलो.

पहिली मंडळी तिघांची. एक बाई गात होत्या, एकजण विजेच्या पेटीवर, आणि एक आडदांड माणूस लोखंडी पिंप, पत्रा आणि मोटारीची भलीमोठी स्प्रिंग ह्यांच्या मध्ये उभा. अंधार झाला, धूर सुटला, आणि त्या माणसाने पत्र्यावर पहिला घण घातला. वाचकहो, माझे कान नाट्यसंगीतावर पोसलेले आहेत. त्या कानांना मी बुचे घातली होती. पण हे संगीत कानाने ऐकायचे नसतेच. ते पायाच्या तळव्यांतून वर चढते, बरगड्यांत बसते, आणि मग कान आपला उगाच साक्षीला असतो. घणामागून घण, त्याखाली यंत्राची एकसारखी घरघर, आणि वर त्या बाईंचा आवाज, अगदी साधा, अंगाई म्हणावी तसा. जर्मन मला येत नाही. पण बाई कोणाला तरी उठवीत होत्या आणि तो उठत नव्हता, एवढे समजले.

बोलणे अशक्यच होते. तेवढ्यात दारावरचा एक भरदार रखवालदार आमच्या बाजूने आला, आणि सायलीने माझ्याकडे पाहून नसलेल्या मिशीला पीळ दिला.

मला हसू आवरेना. ही आबांची खूण! साचेखात्यात शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नसे, म्हणून विणकर ओठांवरून शब्द वाचीत आणि हातांनी बोलत. मिशीला पीळ म्हणजे जॉबर येतोय. दोन बोटे ओठांना म्हणजे विडी प्यायला चल. दोन तर्जन्या जवळ आणून एकदम दूर केल्या की धागा तुटला. आबांना पुढे घरातही ऐकू येईना, तेव्हा ह्या खुणा घरात आल्या, आणि नातीने त्या बोलायच्याही आधी उचलल्या. वीस वर्षांत मी त्या कोणाच्या हातांवर पाहिल्या नव्हत्या. मी दोन बोटे ओठांना लावली. ती हसत सुटली आणि आम्ही अंगणात आलो.

बाहेर साडेनऊ वाजूनही आभाळात उजेड होता. सायलीने पर्समधून एक छोटे यंत्र काढून दाखवले. आतला आवाज तिने मोजला होता. सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव. मग तिने मला एक गणित समजावले. ते मी येथे देतो, कारण आपल्या मुलांच्या कानांत हल्ली दिवसभर काहीतरी खुपसलेले असते. आवाज तीन डेसिबलने वाढला की त्याची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून तो सोसायचा वेळ निम्मा करायचा. पंच्याऐंशीला आठ तास. अठ्ठ्याऐंशीला चार. एक्क्याण्णवला दोन. चौऱ्याण्णवला एक. सत्त्याण्णवला अर्धा तास. आणि शंभराला पंधरा मिनिटे. धोट्याच्या जुन्या साच्यांच्या खात्यात आवाज ह्या शंभराच्याच आसपास असे.

आबांची पंधरा मिनिटे पाळीतला पहिला चहा यायच्या आत संपत. मग उरलेले पावणेआठ तास. असे चौतीस वर्षे. कानाला फार तर कापसाचा बोळा, आणि कापूस काय, तेथे हवेतच होता.

"काका, आबा रात्री उठून बसायचे, आठवतं?" सायली म्हणाली.

न आठवायला काय झाले? संपाच्या दुसऱ्या वर्षापासून ते चालू झाले. मध्यरात्री उठून बसत आणि म्हणत, 'साचे चालू झाले रे.' बाहेर तर सारे गिरणगाव चिडीचूप. आई उठून पाणी देई. एका डॉक्टरांकडे नेले, तर त्यांनी 'संपाचा धक्का बसलाय' असे निदान केले आणि झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या.

"धक्का नव्हता तो," ती म्हणाली. "जखम होती. कानाच्या आत केसांसारख्या बारीक पेशी असतात. आवाजाने त्या मरतात आणि माणसात पुन्हा उगवत नाहीत. मग कानातला आवाज थांबत नाही. टिनिटस म्हणतात. कारखाने कायद्यात अशा बहिरेपणाची नोंद रोग म्हणून आहे. आबांच्या कार्डावर कुणी केली नाही."

मी गप्प राहिलो. ती पुढे म्हणाली, "मी अकरा वर्षांची होते ते गेले तेव्हा. मला नेहमी वाटायचं, त्यांना जे ऐकू येतं ते मलाही ऐकू यावं. फोनवर साच्यांच्या फिती सापडतात, पण त्यात ते शिवणयंत्रासारखे वाजतात. छातीत वाजत नाहीत. सहा वर्षांपूर्वी पहिल्यांदा असल्या कार्यक्रमाला आले आणि छातीत वाजलं. आता तुम्ही सांगा. असंच होतं का ते? बाबांना विचारायचं राहून गेलं. आत जाऊन आलेले आता तुम्हीच उरलात."

खरेच होते. १९६६ साली, मी दहा वर्षांचा आणि दादा चौदाचा असताना, आईला ताप होता म्हणून आम्ही दोघे आबांचा डबा घेऊन गेलो होतो, आणि एका ओळखीच्या जॉबरने आम्हाला साचेखात्याच्या दारापर्यंत नेले होते. पाचच मिनिटे. पण ती मला स्वच्छ आठवतात.

मी तिला सांगितले, "नाही गं. असं नव्हतं. इथे ताल आहे. तिथे प्रत्येक साच्याला ताल होता, मिनिटाला पावणेदोनशे वेळा धोटा इकडून तिकडे. पण साचे शेकडो, आणि कुणाचा कुणाशी मेळ नाही. सगळे ताल एकमेकांत मिसळून त्याची नुसती भिंत व्हायची. ह्या माणसानं त्यातला एक साचा उचलून आणलाय. तोच ऐकवतो. आणि हो, इथे सगळे काळे. तिथली माणसं पांढरी होती. केसांवर, भुवयांवर, पापण्यांवर कापूस. आबांना मी आधी ओळखलंच नाही, सगळे म्हातारे दिसत होते."

तिला एवढ्याने पुरेना. इंजिनिअरच ती! जमीन फरशीची होती की लाकडाची? साचे किती रांगांत? छप्पर किती उंच? आबा साच्याकडे तोंड करून उभे होते की पाठ करून? मी म्हटले, पाठ करून होते, आणि तरी पाठीमागच्या साच्याचा धागा तुटला तेव्हा ते चटकन वळले. त्या भिंतीतूनही आपला साचा त्यांना वेगळा ऐकू येत होता. कसा, ते देव जाणे. दादाने मला कोपराने ढोसले होते, 'बघ, आबांना कळलं!' तेव्हा दादाच्या तोंडावर जो अभिमान होता तो मी पुन्हा पाहिला तो सायली इंजिनिअर झाली त्या दिवशी.

हे मी बोललो मात्र, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आले. सारे काजळ गालांवर उतरले. ती आबांसाठी रडत होती की दादांसाठी, हे मी विचारले नाही. शेजारून एक उंच जर्मन गृहस्थ चालले होते. नाक, कान, भुवया मिळून सात-आठ कड्या. त्यांनी खिशातून कागदी रुमालांचे पाकीट काढून तिच्या हातात दिले, मान किंचित लववली, आणि काही न विचारता निघून गेले. दादांच्या दिवसांत आमच्या घरी तेरा दिवस माणसांची रीघ होती. प्रत्येकजण तिला 'रडू नकोस, आईकडे बघ' असे सांगत होता.

त्यानंतरची मंडळी मला बिलकूल आवडली नाही. नुसती आरडाओरड आणि डोळ्यांत खुपणारे दिवे. सायलीने दुरूनच दोन तर्जन्या जोडून तोडल्या, धागा तुटला! तेवढ्या वेळात मी बाहेर तळलेले बटाटे खाऊन आलो. शेवटची मंडळी मात्र पुन्हा घणांची होती, आणि त्यांच्यासाठी मी पायरीवरून उतरून गर्दीत जाऊन उभा राहिलो. एकदा तर पायही हलले. साक्षीदार एकच होती आणि ती घरची आहे.

बारा वाजता सारे एकदम थांबले. बुचे काढली तरी काही क्षण शांततेलाच आवाज होता. सायलीने माझ्याकडे पाहिले आणि दोन्ही खांद्यांवरचा नसलेला कापूस झटकला. पाळी संपली, घरी चला. आम्ही ट्राम पकडली. अर्धी ट्राम काळी होती आणि सारे हळू आवाजात बोलत होते.

रविवारी मी वहिनींना फोन लावला. पहिल्यापासून सगळे सांगितले. केक, सूतगिरणी, घण, काजळ. काळे कपडे दुःखाचे नाहीत, तिथल्या मंडळींचा तो सणाचा पोशाख आहे, हेही सांगितले. रडली म्हणून सांगितले. वहिनी बराच वेळ बोलल्या नाहीत. मला वाटले फोन तुटला.

मग त्या म्हणाल्या, "आबांच्या खुणा अजून येतात तिला?"

"सगळ्या येतात."

"आणि कानात काही घातलं होतं ना तिनं?"

"घातलं होतं. मलाही घालायला लावलं."

"मग ठीक आहे," वहिनी म्हणाल्या. "भाजणी संपली का विचारा. माझी लेले काकूंची सून पुढच्या महिन्यात तिकडं चाललीय."